अर्जदारास काय येते

वर्ध्यातील कचेरीच्या कुंपणालगत, कडुनिंबाखाली टेबल मांडून मी अर्ज लिहितो. माझे शिक्षण नववीतच थांबले. तथापि माझ्या अक्षरातील कागद साहेबांच्या टेबलावरून सहसा परत येत नाही, हे या आवारातले शिपाईसुद्धा मान्य करतात.

अर्ज लिहिण्याचे एक शास्त्र आहे. साहेबाला वेळ नसतो, म्हणून पहिल्या दोन ओळींतच त्याला अर्जदाराची दया आली पाहिजे. मी निराधाराला अत्यंत निराधार लिहितो, आजाऱ्याला दीर्घकाळ आजारी. माणूस कागदावर जितका लहान दिसेल तितकी सही लवकर होते. हे शास्त्र मला कोणी शिकवले नाही. ते मी बसल्या जागी, उन्हापावसात कमावले. आता मात्र थकवा येतो. तरुण माणसे समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे संगणकावर अर्ज भरतात. माझ्याकडे येतात ते म्हातारे, आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता दुपारपर्यंत माझीच मान दुखू लागते.

माझी मुलगी बी.ए. होऊन साडीच्या दुकानात उभी राहत असे. गेल्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका मैदानावर युवकांचे शिबिर लागले. ड्रोन उडवणे, त्याची दुरुस्ती, शिवाय मुलाखत कशी द्यावी, हे तेथे शिकवणार होते. शेवटी परीक्षा होऊन निवडक मुलांना पायलटच्या परवान्यासाठी नागपूरला पाठवणार होते, राहणे-जेवण धरून सगळे मोफत. तिने दुकानातून सुट्टी मागितली. मालक म्हणाला, "जायचं त जा, मंग वापस येजो नको." ती गेली. म्हणजे नागपूर मिळाले तर मिळाले, नाहीतर दुकानही गेलेच होते.

आमच्या पवनार गावाहून सकाळच्या बसने आम्ही दोघे निघत असू. ती मैदानाजवळ उतरे, मी पुढे कचेरीकडे जाई. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तिला पाहायला गेलो. चारपाच शिलाई मशिनी एकदम चालाव्यात असा आवाज करत ते यंत्र शेजारच्या शेतातील कपाशीच्या पऱ्हाटीवर तरंगत होते. मुलीच्या हातात रिमोट होता. तिचे दोन्ही अंगठे इतके हळू हलत होते की हलतात की नाही, हेच कळेना. मी हाक मारली. तिने वरची नजर खाली आणली नाही. मला त्याचा किंचित राग आला, हे मी नमूद करतो.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, उद्या उडवणं झाल्यावर स्वतःची वळख बी सांगा लागते. त्याचे बी मार्क आहेत. मले त काही सुचूनच नाई राह्यलं."

"मंग मी कायले आहो?" मी म्हणालो आणि कागद ओढला.

एका बैठकीत मी परिचय लिहून दिला. तिने वाचला, पुन्हा वाचला. "बाबा, हे त आपण पेन्शन मांगून राह्यलो असं वाटते."

"साहेब लोक इथून तिथून सारखेच. पाठ कर."

तिने पाठ केला. याच हाताने अर्ध्या गावाची कामे झालेली तिने लहानपणापासून पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी मी टेबल बंद ठेवून मैदानावर गेलो. उडवण्याची परीक्षा उत्तम झाली. चुन्याने आखलेल्या गोलात तिने यंत्र अलगद उतरवले. मग मांडवात मुलाखती सुरू झाल्या. शिकवणारे सर आणि बाहेरून आलेल्या एक वयस्क मॅडम समोर बसल्या होत्या, मुले बाजूला, पालक मागे. मुलगी उभी राहिली आणि माझे शब्द स्वच्छ म्हणू लागली.

"मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून माझ्या वडिलांचे उत्पन्न तुटपुंजे व अनिश्चित आहे. मला अन्य कोणताही आधार नाही. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन…"

मुलांतून कोणीतरी म्हणाले, "अबे, हे ड्रोन उडवाले आली का रेशन कार्ड काढाले?" हशा झाला.

मॅडमनी हात वर केला. "थांब बेटा. तुझी अडचण समजली. पण मशीन काही अडचण पाहून उडत नाही. तुला काय येतं, ते सांग."

मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिले. पुढची ओळ तिला माझ्याकडून हवी होती, आणि माझ्याजवळ ती नव्हती. इतके अर्ज लिहिले, पण अर्जदारास काय येते, असा परिच्छेद मी कोणत्याही अर्जात घातला नव्हता. कोणत्याही साहेबाने तो मागितलाही नव्हता. बस सुटावी म्हणून कंडक्टर पत्र्यावर थाप मारतो, तशी मी गुडघ्यावर एक थाप मारली.

ती समोर वळली.

"मॅडम, मले हवा समजते. तुरीचे शेंडे कुठं झुकून राह्यले ते पायते, मंगच मशीन उचलते. अन् बॅटरी पुरी संपू देत नाई, आधीच वापस आणते."

"इतक्या लवकर कशाला?"

"येतानी हवा सामोरून असली त बॅटरी जास्त खाते. परवा या दादाचं मशीन तसंच बाभळीत अटकलं." तिने हसणाऱ्यांतल्या एकाकडे बोट केले. "त्याचा पंखा मीच बदलून देल्ला."

आता हशा दुसऱ्या बाजूने झाला. सरही हसले.

"आणखी?" मॅडम म्हणाल्या.

"दिवसभर उभं राह्यता येते. साडीच्या दुकानात उभीच होती न मी."

निवड झालेल्यांची नावे त्याच दुपारी वाचली गेली. त्यांत तिचे नाव होते. परतीच्या बसमध्ये आम्हाला शेजारी जागा मिळाली.

"बाबा, राग आला का? तुमचं लिहिलेलं अर्धंच सांगितलं."

"अर्ज बरोबर होता," मी म्हणालो. "कचेरी वेगळी निघाली."

ती हसली आणि माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली. बऱ्याच दिवसांची झोप होती ती. पवनार आले तेव्हा तिला उठवणे मला जिवावर आले.

ती नागपूरला गेल्यानंतरच्या सोमवारी एक म्हातारी पेन्शनच्या अर्जासाठी आली. कागद पुढे घेऊन मी विचारले, "बाई, तुमाले काय काय येते?"

"मले?" तिला ती थट्टा वाटली. "आता काय येते भाऊ, डोये गेले. पह्यले गावातली बायंतपणं मीच करत जाओ. एक बी लेकरू दगावलं नाई माह्या हातून." आणि मग घाबरून म्हणाली, "हे लिवा लागते का? हे लिवलं त पेन्शन भेटन नाई का?"

"नाई, लिवा लागत नाई," मी म्हणालो.

तिला पेन्शन हवी होती, आणि कुंपणापलीकडची कचेरी जुनीच होती. मी नेहमीप्रमाणे 'अर्जदार ही अत्यंत निराधार' असे लिहिले व रीतीप्रमाणे सगळा मजकूर वाचून दाखवला. ऐकताना तिची मान खाली गेली. सगळ्यांचीच जाते. आजवर मी ती अर्ज चांगला उतरल्याची खूण समजत आलो होतो.

मग मी शाईचा पॅड उघडला आणि तिचा अंगठा हातात घेतला.