गुणवंतीची व्हॅन

संपात गिरणीतली नोकरी गेली, तेव्हा वायरमन हरेश्वरचं घर त्याच्या बायकोनं, गुणवंतीनं, मासळी विकून चालवलं. वर्षानुवर्षं बर्फात हात घालून आता तिची बोटं आखडली होती. मासळी आणायला भाऊच्या धक्क्यावर न्यायच्या व्हॅनची चावीही तिला फिरवता येईना.

"विकून टाकू गाडी," ती म्हणाली.

हरेश्वरनं चावीऐवजी बटणानं गाडी सुरू करणारा रिमोट स्टार्टर आणला, स्टिअरिंगखाली उताणं पडून वायरी स्वतःच जोडल्या. बटण दाबताच व्हॅन उडी मारून रिकाम्या टोपल्यांवर चढली.

"अवो वायरमन, गाडी गिअरमधी हाय!" गुणवंती खळखळून हसली.

मग त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये असली तरच सुरू होईल असा स्विच बसवला. पहाटे तिनं बोटाच्या पेरानं बटण दाबलं. इंजिन सुरू झालं.

"मग, विकायची?" हरेश्वरनं विचारलं.

"बसा गुमान. उशीर झाला तं धक्क्यावरचं म्हावरं संपल."