रुखवतातल्या चिंबोऱ्या

माझ्या लग्नाचं लोकांना आजही आठवतं ते माझं खिदळणं.

मी खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. प्रेमात पडले ते सानपाड्यात राहणाऱ्या सातारकराच्या. त्याचे वडील मार्केटात माथाडी. आमच्याकडे मासळीशिवाय घास उतरत नसे, आणि त्याच्या आईच्या गळ्यात तुळशीची माळ. घ्या आता! नव्वदच्या त्या दशकात असं लग्न जुळवणं म्हणजे दोन्ही घरांत नन्नाचा पाढा. शेवटी त्याची आई कशीबशी तयार झाली. अट एकच: "पोरगी गुणाची हाय, पर माझ्या घरात मासळीचं नावबी नगं." मी लगेच कबूल. प्रेमात माणूस काहीही कबूल करतो.

रुखवत मात्र मी माझ्या मनासारखं मांडणार होते. बाकीच्या मुली थर्माकोलचे बंगले करायच्या. मी सुताराकडून सागवानी ट्रे करून घेतला आणि त्यावर ऑइल पेंटने आमच्या दारातली खाडी रंगवली. खारफुटी, बगळे, ओहोटीचा चिखल, वर चकचकीत वॉर्निश. येईल त्याला ओढून दाखवायचे. सगळ्या वाड्याने वाहवा केली, कुणाला काही खटकलं नाही. खटकणार कसं? चिखल म्हटला की चिंबोऱ्या आल्याच.

लग्नाच्या दिवशी सासूबाई रुखवत बघायला निघाल्या, तेव्हा कुठे आईच्या डोक्यात उजेड पडला. "आगो, चिंबोऱ्या काढल्यास? सासू माळकरी हाय गो तुजी!" आईने घाईघाईने ट्रेवर बुंदीचे लाडू रचले. एक खेकडा झाकला की दुसऱ्याची नांगी बाहेर! मला हसू फुटलं. घाबरले की मला हसू येतं, हा माझा जन्माचा रोग.

सासूबाई ट्रेजवळ थांबल्या. एक लाडू उचलून बाजूला ठेवला. मग दुसरा. "आगं बया, खेकडं!" त्यांची जाऊ किंचाळली. सगळा मांडव ट्रेकडे वळला. अक्षता अजून पडायच्या होत्या. ही बाई आता पोराला घेऊन माघारी फिरणार, अशी माझी खात्रीच झाली, आणि तरी माझे खांदे हसण्याने गदगदत होते.

त्यांनी दंड धरून मला बाजूला नेलं. "हसतीस काय?" म्हणाल्या, आणि त्यांचेच ओठ हलायला लागले. "माळ सासरी आल्यावर पडली गळ्यात. माहेरी वढ्यातलं खेकडं धरण्यात म्या समद्या पोरींत पयली." इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुमच्यात कालवण कसं करत्यात? खायाचं न्हाई मला. नुसतं सांग."

तिकडे भटजी मुहूर्तासाठी हाका मारतायत, आणि इकडे मी शालू, चुडा, मुंडावळ्यांसकट सांगतेय: खोबरं भाजायचं, नांग्या ठेचून रस काढायचा.

"लसूण?"

"भरपूर."

त्यांनी डोळे मिटले, आवंढा गिळला.

"आणि मीठ शेवटी," मी म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या, "माझी आईबी शेवटालाच घालायची."