शेफिका डांबर सोडते

रविवारी घरात बसून राहणं हे शेफिकाच्या लेखी पाप, आणि पैसे खर्चून हिंडणं हे महापाप. "पाय देवाने फुकट दिले, डोंगर देवाने फुकट दिला, मग मधे तिकीटवाला कशाला?" असं ती म्हणायची. आमच्या गल्लीला ते लगेच पटायचं, कारण तिकिटाचे पैसे कुणाच्याच खिशात नसायचे.

सारायेवोत आमची गल्ली ट्रेबेविच डोंगराच्या अगदी पायाशी आहे. शेफिका तेव्हा मोज्यांच्या कारखान्यात कामाला होती. आठवडाभर यंत्रावर डोळे फोडून झाले की रविवारी सकाळी ती एकेक दार ठोकत निघायची. "उठा रे म्हशींनो, ऊन डोक्यावर आलं!" ऊन अजून कौलांवरही आलेलं नसायचं. टॉवेलात गुंडाळलेला खिमा भरलेला गरम बुरेक, उकडलेली अंडी, कांद्याची पात आणि कॉफीचं लांब दांड्याचं भांडं एवढं घेतलं की झाली तयारी. तिच्या मागे नवरा रसीम, त्याच्या मागे मी, माझी दोन पोरं आणि गल्लीतलं निम्मं शेंबडं राज्य. चढावर कुणी रडायला लागलं तर ती कडेवर घ्यायची नाही. "वर जाऊन रड, तिथली हवा चांगली आहे," म्हणायची. वर झऱ्याजवळच्या कुरणावर चादर अंथरली की आम्हाला राज्य मिळाल्यासारखं वाटे. माझी पोरं चालायला शिकली ती त्या उतारावर.

ही लढाईच्या आधीची गोष्ट. मग त्याच डोंगरावरून आमच्यावर तोफा चालल्या आणि ज्याच्या अंगाखांद्यावर आम्ही खेळलो, त्याच्याकडे पाठ करून आम्ही दिवस काढले. लढाई संपली तेव्हा वरच्या मातीत सुरुंग राहिले होते. पहिल्याच वसंतात शेफिकाचा धाकटा भाऊ फादिल सरपण आणायला वर गेला आणि परत आला नाही. त्या दिवसापासून शेफिकाचा पाय डांबरावरून खाली उतरला नाही.

तसं म्हटलं तर ही खोड तिची एकटीची नव्हती. आम्ही सगळेच तेव्हा डांबर धरून चालायचो. गवत दिसलं की पाय आपसूक आखडायचा, मग ते दवाखान्यासमोरच्या बागेतलं गवत का असेना. हळूहळू सुरुंग काढणारे आले, त्यांनी वीत वीत जमीन तपासली, धोक्याच्या लाल पाट्या उतरल्या. डोंगरावर जाणारी तारेवरची पाळणागाडी पुन्हा सुरू झाली, कुरणावर लोक चादरी अंथरू लागले आणि बाकीच्यांची खोड सुटली. शेफिकाची मात्र सुटली नाही. रविवार तिने चुकवला नाही, पण डोंगराच्या ऐवजी नदीकाठचा फरसबंद रस्ता धरला. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. रसीम मागून चालताना मला म्हणायचा, "वेरा, मी निवृत्त झालोय की गस्तीला लागलोय?"

त्यातच त्यांची नात इल्मा त्यांच्याकडे वाढायला आली. मुलगी कामासाठी परदेशी, जावई कधीचाच बेपत्ता. इल्मा आजीचा हात धरून चालायला शिकली आणि आजीचा हात कधी डांबराबाहेर गेलाच नाही. चेंडू गवतात गेला की पोर तो सोडून द्यायची. आम्हाला ते शहाणपण वाटायचं, काय गुणी पोर म्हणायचो. आम्हाला कुणी दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या.

गेल्या मे महिन्यात इल्माच्या वर्गाची सहल ट्रेबेविचवर गेली. सगळी पोरं कुरणावर लोळली, जेवली, कुस्त्या खेळली. इल्मा दिवसभर रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि उभ्यानेच पाव खाल्ला. बाईंनी समजावलं, ओढून पाहिलं, पण ती हलली नाही. संध्याकाळी घरी आली ती नवं नाव घेऊन. वर्गाने तिला 'डांबरी' म्हणायला सुरुवात केली होती.

दुसऱ्या दिवशी शेफिका माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कॉफी पुढे ठेवली तर हातही लावला नाही, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

"वेरा, हे मी केलं."

"तू काय केलंस? पोरंच चावट आहेत हल्लीची."

"पोरांना कशाला बोलतेस? ती कुत्र्याला भीत नाही, अंधाराला भीत नाही, माझ्यासारख्या आजीला भीत नाही. गवताला भिते, गं! गवताला! रोज रात्री दुधाच्या पेल्यातून मी माझी भीती पाजली तिला." आणि ती रडली. फादिलच्या मातीला सुद्धा चारचौघांत न रडलेली बाई ती. मलाही रडू आलं, पण मी भांडी घासायला लागले.

मग तिने रुमालाने खसाखसा नाक पुसलं. "रविवारी वर जायचं. पायी."

"अगं, गुडघे बघ तुझे. पाळणागाडीने जाऊ."

"आणि वर उतरायचं कुठे? सिमेंटवर! मग चढायचं तरी कशाला?"

मी अंडी किती उकडायची ते विचारलं.

रविवारी आम्ही चौघं निघालो. रसीमच्या पाठीवर बुरेक, माझ्या पिशवीत अंडी, शेफिकाकडे कॉफीचं सामान आणि छोटी शेगडी. इल्मा आजीला चिकटून. गल्लीतल्या बायका खिडक्यांतून डोकावल्या. "शेफिका, कुठे गं?" तिने वरही न बघता बोट डोंगराकडे केलं, तशी एकीने छातीवर हात ठेवला. घरं मागे पडली, रस्ता वळणावळणाने वर चढत राहिला. रसीम दर वळणावर थांबून दम खायचा आणि म्हणायचा, "मी खालचा देखावा बघतोय, बरं का."

कुरण आलं. रस्ता होता तसाच पुढे गेलेला, आणि डाव्या हाताला ते गवत, पिवळ्या फुलांनी भरलेलं. चार-पाच कुटुंबं पसरलेली, पोरं पळतायत, कुणीतरी मांस भाजतंय. शेफिका डांबराच्या कडेला येऊन थांबली. एक पाय उचलला आणि परत ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. तिच्या कपाळावर घाम होता आणि तो चढाचा नव्हता.

"बसू या," ती म्हणाली आणि तिथेच बसली. रस्त्यावर!

तिने डांबरावर चादर अंथरली, शेगडी मांडली. आम्हीही बसलो, काय करणार? जन्मात पहिल्यांदा मी गाड्यांच्या धुरात अंडं सोललं. एक गाडीवाला काच खाली करून म्हणाला, "काकू, हॉटेल कधी उघडलंत?"

"आजच!" रसीम म्हणाला. "तुमच्या गाडीपुरतीच जागा उरलीय, या!"

शेफिका हसली नाही. पाण्याची बाटली उलटी केली तर चढावरच आम्ही ती संपवलेली. झरा कुरणाच्या पलीकडच्या टोकाला होता. रसीम गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला, तेवढ्यात इल्मा त्याच्या बाहीला लटकली.

"जाऊ नका, आजोबा! दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं!"

शब्द न् शब्द शेफिकाचा. आवाजसुद्धा तिचाच, भुवयाही तशाच वर गेलेल्या. नऊ वर्षांच्या पोरीच्या तोंडून म्हातारी बाई बोलत होती. रसीमने मान खाली घातली. मी शेफिकाकडे बघितलं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला. असा लाल मी तो कारखान्याच्या मुकादमाशी भांडतानाच पाहिला होता.

तिने कॉफीचं भांडं उचललं आणि उठली.

कुरण कधीच साफ झालंय हे तिला ठाऊक होतं. समोर पोरं नाचत होती, ते दिसत होतं. पण डोक्याला ठाऊक असून भागत नाही, पायांना पटावं लागतं. पहिलं पाऊल गवतात पडलं. तिचं तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटणं चाललं होतं. देवाचं नाव होतं की शिव्या होत्या, कळलं नाही; बहुधा दोन्ही. दुसरं पाऊल, तिसरं. अर्ध्यावर ती थांबली आणि मला वाटलं, संपलं, आता वळणार.

ती वाकली. एका हाताने बूट काढले, मग मोजे. मोजे बुटांत कोंबले, बूट बाजूला भिरकावले आणि अनवाणी उभी राहिली. मग आमच्याकडे वळली आणि गल्ली उठवायची तो तिचा जुना आवाज साऱ्या कुरणावर घुमला.

"भिकाऱ्यांसारखे रस्त्यात काय बसलात? उठा रे म्हशींनो! या इकडे!"

भाजणाऱ्या माणसाचा चिमटा हवेत थांबला. रसीम रडत होता आणि हसतही होता, चादर गोळा करताना अंडी पार वाटेत सांडली. मी उठले. इल्मा मात्र डांबराच्या कडेशी उभी. बुटांची टोकं बरोबर काठावर.

"आजी," ती ओरडली, "तू कुठे कुठे पाय ठेवलेस?"

आजीच्या पावलांवरच पाऊल टाकून येण्याचा तिचा बेत होता. शेफिकाने दोन्ही हात पसरले, भांड्यासकट.

"कुठेही ठेव गं, राणी! वाट्टेल तिथे ठेव! सगळं तुझंच आहे!"

पोर उतरली. आधी दबलेल्या गवतावरूनच, एकेक पाऊल मोजून. मग एक पाऊल बाजूला पडलं, तशी ती दचकून थांबली, खाली बघत राहिली. काही झालं नाही. दुसरं पाऊल तिने मुद्दाम बाजूला टाकलं. आणि मग ती जी धावली, ती आजीच्या पोटावर जाऊन आदळली आणि दोघी गवतात पडल्या. कुरणावरच्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. का ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण आमच्या गावात हे सांगावं लागत नाही.

मग झऱ्याचं पाणी आलं, कॉफी झाली. बुरेक गार झाला होता, तरी इतका चांगला मी कधी खाल्ला नाही. इल्माला शेजारच्या चादरीवरच्या पोरांनी हाक मारली आणि ती बूट तिथेच काढून अनवाणी गेली. आम्ही गुडघ्यांबद्दल बोललो, मग महागाईबद्दल, मग लोकांच्या सुनांबद्दल. बऱ्याच वेळाने मी मान वर केली तर पोरं कुठेच दिसेनात.

"शेफिका," मी म्हटलं, "इल्मा कुठाय?"

तिने साखरेचा खडा कॉफीत बुडवला, दाताखाली धरला आणि पाय लांब केले.

"असेल कुठेतरी," ती म्हणाली.