सात फेऱ्यांचा परिच्छेद

तो परिच्छेद मला आजही तोंडपाठ आहे आणि आठवला की आजही डोकं फिरतं. "वादिनी का विवाह हिंदू रीति-रिवाज के अनुसार, अग्नि के समक्ष सात फेरे लेकर संपन्न हुआ." आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात बायकोच्या हक्काचा कोणताही दावा आला की हा परिच्छेद त्यात जायचाच. बाईचं नाव बदलायचं, गावाचं नाव बदलायचं, फेरे मात्र तेच. हिंदी टाइपरायटरवर मी तो इतक्यांदा बडवला होता की नजर खिडकीबाहेर असली तरी बोटं चालत राहायची.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझे वडील भंडाऱ्याकडून तिथल्या स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आलेले, आम्ही बौद्ध. बी.ए. झाल्यावर माझ्या लग्नाचं बघायचं की नोकरीचं, यावर घरात वाद चालू होता. तो मिटायच्या आत मी टायपिंग शिकून वकीलसाहेबांकडे लागलेसुद्धा. नावाला टायपिस्ट, पण करायची सगळंच. फाइल लावणं, कागदांना पताका चिकटवणं, पेशीच्या, म्हणजे तारखेच्या, आदल्या दिवशी साक्षीदारांना निरोप देणं, कोर्टाच्या आवारात त्यांना सावलीत बसवून पाणी पाजणं. साक्षीदार घाबरलेला असला तर मी त्याला कोर्ट भरण्याआधी रिकाम्या खोलीत नेऊन आणायची. जज्जसाहेब इथं बसतात, तू तिथं उभं राहायचं, तो टाइप करणारा माणूस वर बघणार नाही, त्याचं मनावर घ्यायचं नाही. एवढ्यानंसुद्धा माणसाची निम्मी भीती जायची.

साक्षीदाराला "तयार" करण्याचं खरं खातं मात्र मुंशीजींकडे होतं. मुंशीजी म्हणजे वकीलसाहेबांचे जुने कारकून. आयुष्य कोर्टाच्या आवारात गेलेलं. आवारातल्या कडुनिंबाखाली ते साक्षीदाराला समोर बसवायचे आणि शाळेत पाढे घ्यावेत तशी उत्तरं पाठ करून घ्यायचे. चुकला की परत पहिल्यापासून. याला ते तयारी म्हणायचे. मी याला तेव्हाही पढवणं म्हणायची आणि आजही म्हणते.

एका दुपारी एक बाई ऑफिसात आली. माझ्याच वयाची असेल. नवरा प्लांटमध्ये होता, काविळीनं गेला. लग्नाला फार वर्षं झाली नव्हती, मूलबाळ नाही. त्यानं नोकरीला लागताना वारस म्हणून आईचं नाव दिलं होतं, पुढे आई वारली, लग्न झालं, आणि नाव बदलायचं राहून गेलं. आमच्या लोकांत किती जणांचं तसंच राहिलं असेल. आता त्याच्या जागेची नोकरी आणि क्वार्टर, दोन्हीवर तिच्या दिरानं हक्क सांगितला. दीर म्हणत होता की ही बाई माझ्या भावाची बायकोच नव्हे, भावानं नुसती घरात ठेवली होती. प्लांटवाल्यांनी हात झटकले आणि सांगितलं की बायको असल्याचं कोर्टातून आणा.

तिला हिंदी समजायची, बोलताना अडखळायची. म्हणून वकीलसाहेबांनी मला मधे बसवलं. मी तिला विचारलं, "वैनी, लगन कुठं झालं?"

"माझ्या गावाले, भंडाऱ्याकडं. बुद्ध ईहारासमोर मांडव होता. गोंदियाहून बौद्धाचार्य आलते, रेल्वेतून रिटायर झालेले बाबा. माझा हा दीर पहिल्या पंगतीले बसून जेवला ताई, अन् आता म्हन्ते का लगनच नाई झालं!"

मी सगळं साहेबांना सांगितलं. बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातल्या आमच्या बापाची तसबीर, मेणबत्त्या, पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, एकमेकांना हार, झालं लग्न. आमच्यात होम नसतो, फेरे नसतात. गोंदियाच्या त्या बाबांना साक्षीला बोलवा, म्हटलं, ते हयात आहेत.

साहेबांना हे माहीत नव्हतं असं नाही. वाईट माणूस नव्हता, फी भागली नाही तरी कुणाला दारातून हाकललं नाही, आणि म्हणूनच मला जास्त चीड येते. ते म्हणाले, "देखो बेटी, अपना-अपना रिवाज भी चलता है कानून में, मालूम है मुझे. लेकिन फिर रिवाज साबित करना पड़ता है. गोंदिया से बूढ़े को लाओ, वो क्या-क्या बोलेगा भगवान जाने. फेरे बोल दो, बात खत्म."

बात खत्म! एका बाईचं अख्खं लग्न पुसून तिथं दुसरंच चिकटवायचं, कारण ते सोपं पडतं. मी म्हटलं, साहेब, हे खोटं आहे. त्यावर मुंशीजी हसले आणि म्हणाले, "बिटिया, कोर्ट में सच को भी ढंग का कपड़ा पहनाकर ले जाना पड़ता है." मी त्या दिवशी तो परिच्छेद टाइप केला नाही. मुंशीजींनी शेजारच्या वकिलाच्या पोराकडून करून घेतला. सही करायला बाईला बोलावलं, तेव्हा मी तिला तो वाचून दाखवला. एकेक शब्द मराठीत.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "ताई, माझं लगन तं खरं आहे. मंग मी लबाड कावून बोलू?"

याचं उत्तर साहेबांनी दिलं. त्यांनी तिला समजावलं की ही नुसती कायद्याची भाषा आहे, सगळ्यांच्या दाव्यात असते. सोबत तिचे मामा आले होते, ते म्हणाले, साहेब शिकलेले आहेत, सांगतात तसं कर. तिनं सही केली.

पेशीच्या आधी मुंशीजींनी तिला कडुनिंबाखाली घेतलं. शादी कहाँ हुई, किसके सामने हुई, कितने फेरे. सात. ज़ोर से बोलो. सात. मी जवळच उभी होते. त्या बाईनं आयुष्यात कुणाच्याही लग्नात फेरे घेतलेले पाहिले होते की नाही कोण जाणे, पण सात म्हणायला ती शिकली. मी साहेबांना पुन्हा एकदा म्हटलं, दाव्यात दुरुस्ती मागा, अजून वेळ आहे. ते म्हणाले, आता बदललं तर समोरचा वकील बोंब मारेल की बाई रोज नवं लग्न सांगते. म्हणजे खोटं यांनी लिहायचं आणि ते निस्तरायचं मात्र तिनं.

त्यांना एक गोष्ट सुचलीच नाही, आणि सुचायला हवी होती. दीरसुद्धा आमच्यातलाच होता. दाव्याची नक्कल त्याच्या हातात गेली, त्यानं तो परिच्छेद वाचला असेल आणि त्याला आयतं घबाड मिळालं असेल. त्या मांडवात बसून पुरी-बुंदी खाल्लेल्या माणसानं आपल्या वकिलाला सांगितलं असणार, साहेब, हिला फक्त फेऱ्यांचं विचारा. स्वतःच्या भावाचं लग्न मोडायला त्यानं स्वतःच्याच समाजाची रीत वापरली. वकीलसाहेबांवरचा माझा राग कधी कधी निवळतो, याच्यावरचा नाही.

कोर्टात त्या दिवशी मी साहेबांच्या मागच्या बाकावर होते. आमच्या बाजूची सरतपासणी घडाघडा झाली. मुंशीजी खूश होऊन मान हलवत होते. मग समोरचे वकील उठले. आवाज अगदी गोड.

"फेरे कितने लिए?"

"सात."

"बहुत अच्छे. आपने पहना क्या था उस दिन?"

हे कुणी पढवलं नव्हतं. कपड्याचं कुणी काय विचारणार! तेव्हा तिनं जे खरं होतं ते सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "पांढरं लुगडं. म्हन्जे, सफेद साड़ी. नवी होती."

"शादी में सफेद साड़ी?" त्यांनी न्यायाधीशांकडे पाहिलं. "और पंडितजी कौन थे?"

"पंडित नाही. बाबा थे."

"बाबा ने आग जलाई?"

"मोमबत्ती... मोमबत्ती लावली होती."

"तो आपने मोमबत्ती के सात फेरे लिए?"

खोलीत हशा पिकला. दीर मागं बसला होता, तोही हसला. बाईनं कठड्याला धरलं. तिला आमच्याकडे बघायचं नव्हतं तरी ती बघत होती. तिच्या डोक्यात तिचं खरं लग्न होतं, त्यात मेणबत्ती होती, पांढरं लुगडं होतं, गोंदियाचे बाबा होते, आणि तोंडात मुंशीजींचे सात फेरे. दोन्ही एकाच बाईला एकाच वेळी कसं सांभाळता येणार? पुढच्या प्रश्नांना ती नुसती मान हलवत राहिली, आणि मान हलवल्याचं कोर्टात काही खरं नसतं.

मी पुढं वाकून साहेबांना म्हटलं, फेरतपासणी घ्या, तिला एवढंच विचारा की तुझं लग्न कसं झालं ते तुझ्या शब्दांत सांग. विचारा हो साहेब, ती सांगेल. साहेबांनी मागं न वळता हातानं मला बसायची खूण केली आणि म्हणाले, "नो री-एग्ज़ामिनेशन." त्यांना भीती वाटली असावी की आता ती खरं सांगेल.

निकाल लागला. साक्षीदार पढवलेली दिसते, विवाह सिद्ध होत नाही. पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर होतं, हे मला अजून गिळवत नाही. पढवलेलीच होती ती! तिचं खरं असलेलं लग्न आमच्या ऑफिसानं खोट्याच्या भांड्यात घालून कोर्टापुढं ठेवलं आणि कोर्टानं ते भांड्यासकट फेकून दिलं. साहेब म्हणाले, अपील करेंगे. मुंशीजी म्हणाले, बाईच कच्ची निघाली, साडी का रंग बताने की क्या ज़रूरत थी. हे ऐकल्यावर मी टाइपरायटरवर झाकण घातलं आणि त्या ऑफिसात परत गेले नाही. घरी वडिलांनी कारण विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, "बरं केलं."

तिला अपिलाचं मी विचारलं होतं. क्वार्टर सोडून ती खुर्सीपारला एका खोलीत राहायला गेली होती, ठेकेदाराच्या कामगारांच्या खानावळीत पोळ्या लाटायची. हात पिठाचे होते, तसेच पुढं धरून म्हणाली, "वरच्या कोर्टात पन फेरेच इचारतीन ना ताई? मंग राहू द्या." नोकरी दिराला लागली. शिफ्टला जाताना सायकलवरून तो तिच्या गल्लीच्या तोंडावरून जायचा.

पुढं मी दुसऱ्या एका वकिलांकडे लागले आणि अनेक वर्षं हेच काम केलं. माझ्याकडे साक्षीदार आला की मी आधी गप्प बसते. त्यालाच सांगू देते. कोण होतं, काय नेसलं होतं, जेवायला काय होतं, पाऊस होता का. माणसाला खरं आठवत असलं की ते असल्या बारीकसारीक गोष्टींना चिकटून येतं. मग दाव्यात तेच लिहायचं, त्याच शब्दांत. शेवटी त्याला खोली दाखवायची आणि एवढंच सांगायचं की आठवत नसेल तर आठवत नाही म्हण. तयारी म्हणजे एवढीच. बाकी सगळा पोपट पाळायचा धंदा आहे. याला वेळ जास्त लागतो, पक्षकाराला वाटतं ही बाई फालतू चौकशा करून राहिली, आणि नवे वकील घड्याळ बघतात. बघू देत.

माझं लग्न भिलाईतच, रुआबांध्याला झालं. आमच्याच रीतीनं, बुद्धमूर्तीसमोर. मी तिला आग्रहानं बोलावलं होतं. ती आली, आणि नेसून आली होती पांढरी साडी. नवी नव्हती. ती तीच का, असं मी विचारलं नाही. आईनं तिला मागं बसवायला नको म्हणून हाताला धरून पुढं आणलं आणि मेणबत्ती लावायला दिली.

पंचशील झालं. आम्ही हार घातले. लोक टाळ्या वाजवायला लागले, पोरं पंगतीच्या जागा धरायला पळाली, कुणी आचाऱ्याला हाका मारत होतं. तेवढ्यात ती मेणबत्त्यांजवळून मांडवाकडे तोंड करून वळली. कोर्टात जी शेवटी नुसती मान हलवत राहिली होती, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"पंगतीले मंग जा! पह्यले सगळे जन नीट पाहून घ्या. काय नेसली, कोनं लगन लावलं, दिवा कोनता होता, सगळं पाहून ठेवा. उद्या कोर्टात सांगाले लागते."

मांडवातले लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. माझ्या वडिलांनी मात्र पंगतीकडे निघालेल्या दोघा-तिघांना खांद्याला धरून परत फिरवलं आणि तिच्यासमोर उभं केलं.