तुमच्या पोराले ह्या धंद्यात घालसान का?

चित्रकारांचे किस्से गोळा करावे लागत नाहीत. त्यांच्याकडे चहाला बसलं की आपोआप अंगावर येतात, वर कपड्यांवर रंगही येतो. माझ्याकडे जे साठलेत ते सगळे एका सुट्टीतले.

नागपूरला चित्रकलेचं पहिलं वर्ष झालं होतं. सरांनी सांगितलं, आपल्या जिल्ह्यातल्या कलाकारांच्या मुलाखती घेऊन या. देऊळघाटला घरी हे सांगितलं, तर वांग्यांच्या टोपल्या भरता भरता बाबांनी स्वतःचा एक प्रश्न घुसडला. "शेवटी इचार, तुमच्या पोराले ह्या धंद्यात घालसान का? एकानं जरी हाव म्हटलं तं पुढच्या वर्षी जाय नागपूरले. नाही तं वावर हायेच."

झालं, माझं पुढचं शिक्षण परक्यांच्या पोरांवर येऊन अडकलं.

*

मोताळ्याचे पेंटर शिडीवर चढून दुकानाचा बोर्ड रंगवत होते. मी डायरी काढून विचारलं, "महिन्याला किती बोर्ड होतात?" ते खाली उतरले आणि ब्रश पाठीमागे लपवला.

"मी कुठचा पेंटर, साहेब? हा ब्रश तं भावाचा हाय."

मी टॅक्सवाला नाही हे पटायला दोन चहा लागले, तेही त्यांनीच पाजले. पोराचं विचारलं तर म्हणाले, "त्याले तलाठी करतो. मंग तोच लोकाइले असं इचारत फिरन."

*

जानेफळला मूर्ती घडवणाऱ्या एक मावशी होत्या. घरी कोण कोण, कमावतं कोण, असं मी विचारत गेलो आणि त्यांनी लेकीला पोहे टाकायला सांगितले. मी स्थळ म्हणून आलोय असा त्यांचा समज! आडनाव सांगितल्यावर घोटाळा उघड झाला. तरी माउलीनं बशी पुन्हा भरली. पोराबद्दल म्हणाल्या, "त्याले चिखलाची किळस येते."

*

बुलढाण्याचे फोटोग्राफर फोटोंना हातानं रंग भरायचे. उत्तरं देण्याआधी त्यांनी माझाच फोटो काढला आणि चार दिवसांनी फुकट दिला. त्यात मला झकास मिशी होती. मला तेव्हा मिशी फुटलीही नव्हती.

"पोराले नाही घालत," ते म्हणाले. "त्याले खरं बोलायची सवय हाय."

कामं सोडून ही माणसं माझ्याशी बोलत बसली. आजही आठवलं की हात जोडावेसे वाटतात. पण तेव्हा तीन नकार खिशात होते.

*

उरले खामगावचे सिनेमाचे बोर्ड रंगवणारे मास्तर. त्या दिवशी बाबा स्वतः सोबत आले.

मास्तरांनी मुलाखत दिलीच नाही. माझ्या हातात ब्रश देऊन म्हणाले, "हिरॉइनचा डोळा भर." मी भरला. ते रस्त्यापलीकडे जाऊन बराच वेळ बघत राहिले.

ते परत आल्यावर बाबांनीच प्रश्न टाकला.

"नाही," मास्तर म्हणाले. "माह्या पोराले हातच नाही. पण हे पोरगं मले द्या. आजच. जेवण-कपडा माह्याकडं."

बाबांनी मास्तरांना रामराम केला आणि मला घेऊन मोटारीत बसले. मी मनातल्या मनात वावर नांगरायला घेतलं होतं.

घरी आईनं विचारलं, "काय झालं वो?"

"त्यानं पोरगं मांगितलं."

"मंग? देऊन टाकता का?"

बाबा पाय धुता धुता म्हणाले, "पहिल्याच गिऱ्हाइकाले माल देते का कोनी? जाऊ दे याले नागपूरले."