घोटीव भिंती आणि वाकळा

पादरी साहेब पुलपीटवर, म्हणजे उपदेशाच्या उंच ओट्यावर चढले आणि म्हणाले, "प्रियजनहो." ते चारी भिंतींनी परत म्हटलं. भिंतींचं संपायच्या आत साहेबांचं पुढचं वाक्य त्यात येऊन पडलं आणि सगळा काला झाला. खाली मी, ओव्हरसीयर करीमभाई आणि बोर्डिंगच्या मेट्रन रूथबाई एवढेच उभे होतो. कुणाला एक अक्षर कळेना.

जालन्यातल्या मिशन शाळेचं हे नवं चॅपल, म्हणजे प्रार्थनेचा हॉल. निजामी अमलातली गोष्ट. आतलं चुन्याचं सगळं काम माझ्याकडे होतं. चुन्याच्या घाणीत दगडी चाकाखाली मळलेला चुना भिंतीला लावायचा, वर संगजिऱ्याची भुकटी मारायची आणि गुळगुळीत दगडानं घासत बसायचं. याला घोटाई म्हणतात. ती बराबर जमली तर भिंतीत तोंड दिसतं. माझ्या भिंतीत दिसत होतं.

खिडक्यांच्या वरून एक नक्षीची पट्टी फिरवायची होती. प्लॅनमध्ये तिच्यावर ओक नावाच्या झाडाची पानं होती. ते झाड मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "मग इथले काही करा." मी कपाशीची पानं आणि फुटलेली बोंडं काढली, चुन्यातच, उठावाची. इतकं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

आणि घोळ नेमका त्या चांगल्या कामानंच केला होता. खडबडीत भिंत आवाज थोडाफार गिळते, घोटलेली भिंत चेंडूसारखा परत फेकते.

करीमभाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "मिस्त्री, टाचे मारावे लागतील."

टाचे मारणं म्हणजे छिन्नीनं खड्डे पाडून भिंत खडबडीत करणं. मी वर बोंडांकडे पाहिलं.

"पट्टीला पण?"

"पट्टीला पण. रविवारी उद्घाटन होऊन जाऊ द्या. सोमवारी जल्दी हात लावा."

साहेबांना दुसरीच काळजी होती. बसायची बाकं आली नव्हती. मालगाडी परतूरला अडकून पडली होती.

"बाकांचं काय घेऊन बसलात साहेब?" रूथबाई म्हणाल्या. "लोक खालीच बसतील. थंडीचे दिवस हाईत, घरून वाकळा आणायला सांगते."

माझ्या आरशासारख्या हॉलमध्ये ठिगळांच्या वाकळा! मला बिलकुल आवडलं नाही. साहेबांनाही आवडलं नसावं, पण दुसरा इलाज नव्हता.

रविवारी अंबडकडच्या बैलगाड्यासुद्धा आल्या. बायांनी जाडजूड वाकळा अंथरल्या. उरलेल्या वाकळा म्हाताऱ्यांच्या पाठीशी भिंतीला लावल्या, काही खिडक्यांत टाकल्या. हॉल गच्च भरला. मी दाराशी उभा होतो. सोमवारची छिन्नी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

"प्रियजनहो," साहेब म्हणाले.

शब्द माझ्यापर्यंत आला आणि थांबला. मी वाट पाहिली. मागून काहीच आलं नाही. पुढचं वाक्यही तसंच, स्वच्छ. एक लेकरू शिंकलं, तेही एकदाच ऐकू आलं. माझे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, उपदेश लागला.

बाहेर करीमभाईंनी मला धरलं. "क्या किया मिस्त्री? भिंतीला काही लावलंत का?"

"म्या काय लावतो? वाकळांनी आवाज खाल्ला. अन् माणसांनी."

साहेबांनी टाच्यांचं काम रद्द केलं. मग जरा संकोचून रूथबाईंना विचारलं, "पुढल्या रविवारीही लोक वाकळा आणतील काय?"

"आता नका आणू म्हणलं तरी ऐकायचे न्हाईत साहेब. जागा धरून बसलेत सगळे."

बाकं यथावकाश आली, ती शाळेच्या वर्गांत गेली. कपाशीची बोंडं जागेवर राहिली.

थोड्याच दिवसांत अंबडचे एक वकील मला नव्या दिवाणखान्याचं काम द्यायला निघाले. आधी माझं काम बघू म्हणाले. मी मोठ्या हौसेनं त्यांना चॅपलमध्ये नेलं. बोंडांवर ते खूष झाले. भिंतीत तोंड पाहून मिशी नीट केली. मग काही बोलायचं म्हणून खाकरले. मागोमाग चारी भिंती खाकरल्या.

काम गेलं. वार मंगळवार होता.

तेव्हापासून चॅपल बघायचंय असं कुणी म्हटलं, की मी एवढंच सांगतो: रविवारी या.