शहादेवांचं पान

युसूफ वडगावात पंचशीलाला सगळे लॉकेटवाली म्हणतात. शिवणकाम सोडून हे काय खूळ, असं म्हणून नाकं मुरडणाऱ्या बायाच आता तिची लॉकेटं लेकींच्या गळ्यात घालून मिरवतात. काम दिसायला सोपं. चकाकणारी रंगीत पावडर छोट्या पातेलीत वितळवायची, काकवीसारखी धार साच्यात सोडायची आणि गरम आहे तोवर वरून ठसा दाबायचा. ठशाला आधी तेलाचं बोट मात्र लावायचं, नाहीतर तो चिकटला की संपलं.

असे कितीतरी ठसे तिनं गप्पा मारत दाबले होते. आईचं पान हातात आलं तेव्हा मात्र तिनं शेगडी दोनदा पेटवून दोनदा विझवली.

पान पिंपळाचं. तिचे वडील शहादेव वारले त्याच्या आदल्या वर्षी दीक्षाभूमीला गेले होते. तिथं पडलेलं ते पान त्यांनी सदऱ्याच्या खिशातून जपून आणलं. खिशात त्याचं टोक दुमडलं, ते तसंच राहिलं. पुढं आईची, जाईबाईची, नजर गेली. नवऱ्याच्या फोटोचा तिला उपयोग उरला नाही. रोज संध्याकाळी पदराला बोट पुसून ती त्या पानाच्या शिरा चाचपायची. त्या मायेनंच पान झिजत चाललं होतं, कडा झडत होत्या. ‘ठसा घेते, मग लॉकेटावरून पायजे तेवढं बोट फिरव,’ असं पंचशीलाच म्हणाली होती.

रविवारी दुपारी तिनं पानाला तेल लावून ते आईच्या बाजेजवळ ताटलीत ठेवलं आणि शेगडीकडं वळली. पावडर वितळली, निळी धार साच्यात पडली. तिनं पान अलगद दाबलं आणि चर्र झालं. ओल असल्याशिवाय असा आवाज येत नाही. निवल्यावर उचलायला गेली, तर टोकाकडचं अर्धं पान बोटांत चुरा होऊन आलं, देठाकडचं लॉकेटात रुतून बसलं.

“झालं का गं?” बाजेवरून जाईबाईनं विचारलं. “लई तेलकट लागत व्हतं. म्या वल्या पदरानं पुसून ठिवलं. त्यांच्या हातचं पान, असं मळकं कावून दाबायचं?”

पंचशीलाला ओरडावंसं वाटलं. पण ओरडणार कुणावर?

“निवतंय अजून, माय,” एवढंच ती म्हणाली. मग गुपचूप विहारापुढच्या पिंपळाखाली गेली आणि तसंच एक वाळकं पान घेऊन आली. या खेपेला ठसा सुरेख उठला. आंधळ्या आईला फसवतोय याची तिला लाज वाटत होती, आणि खरं सांगायची छाती होत नव्हती.

जाईबाईनं पदराला बोट पुसलं. मधल्या शिरेवरून ते टोकापर्यंत नेलं. टोक सरळ होतं. बोट तिथंच थांबलं.

“म्या पुसलं म्हणून गेलं का गं ते?”

“न्हाई, माय. माझाच हात चुकला.”

“तुझा हात न्हाई चुकत.” जाईबाईनं ते लॉकेट खाली ठेवलं. “त्यांचं पान टाकलंस का?”

“न्हाई.”

“मग ते दे.”

आता जाईबाईच्या गळ्यात ते अर्धं पान असतं. संध्याकाळी तिचं बोट देठापासून निघतं, फाटलं तिथं थांबतं आणि मागं फिरतं. पण त्याआधी ती बोट पदराला पुसत नाही.